व्याख्यानमालांच्या संयोजकांना खुले पत्र : रुग्णाच्या ताटातली भाकरी काढून घेऊ नका

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या व्याख्यानमालांचे संयोजक, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे आणि गणेश-नवरात्र मंडळांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की आपल्या खान्देशात व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो आणि थंडी सरेपर्यंत चालतो. मळ्यांमध्ये भरिताच्या पार्ट्या आणि गावातल्या सभागृहात रोज संध्याकाळी नवा वक्ता. वर्गणी गोळा करायची, हॉल मिळवायचा, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, त्यांचं पथ्य सांभाळायचं, ही सगळी उस्तवार तुम्ही पदरमोड करून करता. हे पत्र थोडं भांडणाचं आहे, म्हणून तुमच्या या कष्टांबद्दलचा आदर आधी सांगून टाकते.

गेली काही वर्षं या हंगामात एक विषय हमखास असतो. ‘आहारातून कॅन्सरमुक्ती’, ‘ताट बदला, कॅन्सर पळवा’, ‘केमोशिवाय कॅन्सर बरा’. शब्द थोडे इकडचे तिकडे, फ्लेक्स तोच : पालेभाज्यांचा ढीग आणि हात जोडलेले वक्ते. कवीच्या व्याख्यानाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात. या व्याख्यानाला मात्र लोक दारात उभे असतात, कारण आता प्रत्येक भावकीत एक तरी कॅन्सरचा रुग्ण आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे, जळगावात काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत कॅन्सरचे रुग्ण बरेच असतात. म्हणजे आहाराच्या बाजूने बोलणं हाच माझा व्यवसाय आहे, आणि ‘डॉक्टर लोकांना आहाराचं काही कळत नाही’ असं वक्ते म्हणतात तेव्हा माझीही मान नकळत हलते. अशा व्याख्यानांना मी वही घेऊन बसले आहे. दीड तासातली पहिली चाळीस मिनिटं मला बहुतेक पटतात. तंबाखू सोडा, पाकिटातलं खाणं कमी करा, वजन आटोक्यात ठेवा, चाला, वेळेवर झोपा. त्यानंतर मात्र बोलण्याचा रोख बदलतो. कॅन्सर हा आजारच नाही, ती शरीराची सूचना आहे. साखर बंद केली की गाठ उपाशी मरते. दूध विष, गहू विष. आणि सर्वांत घातक वाक्य : सुई टोचू नका, गाठ डिवचली की पसरते.

या शेवटच्या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आहे. सुईने तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी, केल्याशिवाय ती गाठ कसली, किती आक्रमक, कोणत्या औषधाला दाद देईल, यातलं काहीच कळत नाही. सुईच्या वाटेने पेशी पसरण्याच्या घटना फार विरळ आहेत, आणि तो धोका कमी कसा ठेवायचा हे डॉक्टरांना माहीत असतं. पण सभागृहात मागे बसलेली एखादी बाई, जिला छातीत गाठ लागलेली आहे आणि जिने ती अजून घरात कुणाला सांगितलेली नाही, ती हे वाक्य घेऊन घरी जाते. सोयाबीन काढू, मग बघू. कपाशी वेचू, मग बघू. मुलीचं लग्न होऊ दे, मग बघू. न बोलण्यासाठी तिला एक कारण हवंच असतं, ते आपण तिला माइकवरून देतो.

आता ताटाबद्दल. कॅन्सरमध्ये आहाराचं काम फार मोठं आहे, आणि तेच काम ही व्याख्यानं बिघडवतात, ही माझी मुख्य तक्रार आहे. आजार स्वतःच माणसाला वाळवतो. भूक मरते, चव जाते, स्नायू झिजतात. केमोच्या दिवसांत उलट्या, जुलाब, तोंडात चट्टे. अशा माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३० कॅलरी लागतात, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे. आम्हीही तेच वापरतो. ४५ किलोच्या बाईचा हिशेब करा : ४५ ते ६८ ग्रॅम प्रथिनं. एका ज्वारीच्या भाकरीत सहाएक ग्रॅम, वाटीभर डाळीत तेवढेच, अंड्यात तेवढेच, पेलाभर दुधात तेवढेच, मूठभर शेंगदाण्यांत थोडे जास्त. दिवसभर नेटाने खाल्लं तर कसाबसा मेळ बसतो. गव्हांकुराच्या रसाच्या छोट्या पेल्यात एक ग्रॅमही नसतं.

रावेरकडची एक बाई केमो चालू असताना माझ्याकडे आली. मुलांनी व्याख्यान ऐकलं होतं आणि आईवरच्या मायेपोटी घरात नवे नियम लावले होते. साखर बंद, दूध बंद, भाकरी बंद, घरच्या मळ्यातली केळी बंद. दिवसातून चार वेळा हिरवा रस, संध्याकाळी वाफवलेली भाजी. “ताई, मले कोनी भाकर बी खाऊ देत नही,” ती म्हणाली. वजन इतकं उतरलं होतं की पुढचा केमो डॉक्टरांनी लांबणीवर टाकला होता. म्हणजे केमोऐवजी आहार असं घरात कुणी ठरवलं नव्हतं, तरी परिणाम तोच झाला. मुलं वाईट नव्हती, आणि आईसाठी काहीतरी करायची त्यांची धडपडही खरी होती. रुग्णाच्या घरच्यांना हातावर हात धरून बसवत नाही. व्याख्यान त्यांच्या हातात काम देतं, म्हणून ते इतकं आवडतं.

तिला मी काय सांगितलं हे लिहिते, कारण ते कुठल्याच फ्लेक्सवर येणार नाही. कळण्याची भाकरी खा, त्यात उडीद आहे. ती गिळवत नसेल तर दुधात कुस्करून खा. मुगाची खिचडी, वर तूप. दही, ताक, पनीर. अंडी चालत असतील तर रोज. शेंगदाण्याचं कूट सगळ्यात. तोंडात चट्टे असेपर्यंत शेवभाजीचा तिखटजाळ रस्सा आणि ठेचा नको. एकदम ताटभर जेवण जात नसेल तर दर दोन तासांनी चार घास. आणि केळी खा. जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याला विष म्हणायचं म्हणजे कमाल झाली. सालीत बंद असल्यामुळे ते स्वच्छ, मऊ, पोटाला सोसणारं आणि स्वस्त फळ आहे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती खायचं ते विचारून घ्या, एवढंच.

‘साखर कॅन्सरला पोसते’ याचा उगम कुठे आहे ते वक्तेही सांगतात, पण अर्धंच. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं की गाठीच्या पेशी ग्लुकोज भरमसाट वापरतात. १९३१चं नोबेल त्यांना पेशींच्या श्वसनातल्या विकराच्या (एन्झाइमच्या) शोधासाठी मिळालं, कॅन्सरच्या उपायासाठी नाही. ग्लुकोज जास्त ओढण्याच्या याच गुणावर आज कॅन्सर शोधणारा पेट स्कॅन चालतो. इथपर्यंत सगळं खरं. पण ताटातली साखर बंद केली म्हणून रक्तातली साखर संपत नाही. मेंदूला आणि तांबड्या पेशींना ती लागतेच, म्हणून यकृत ती तयार करतं, आणि खायला मिळत नसेल तर स्नायूंची प्रथिनं मोडून तयार करतं. म्हणजे भाकरी सोडलेल्या बाईची गाठ उपाशी राहत नाही, तिचे दंड-मांड्या वाळतात. गोड कमी खा, लठ्ठपणा टाळा, हे मीही सांगते. लठ्ठपणाचा कित्येक कॅन्सरशी संबंध सिद्ध आहे. पण निरोग्यासाठी असलेला सल्ला ३८ किलोवर आलेल्या रुग्णाला देणं हे वैद्यक नव्हे.

उपवासाचंही असंच. जपानचे शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळालं, तेव्हापासून ‘एकादशीने कॅन्सर बरा होतो, जपानने सिद्ध केलं’ हा निरोप फिरतो आहे. ओसुमींचं काम यीस्टच्या पेशींवर होतं : पेशी स्वतःचाच कचरा मोडून पुन्हा कशी वापरते, त्यामागची यंत्रणा कोणती. ही यंत्रणा उपासमारीत कॅन्सरच्या पेशीलाही तगवू शकते, हे त्या निरोपात नसतं. केमोच्या आसपास थोडा वेळ उपाशी राहण्याचे प्रयोग काही देशांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहेत, ते चालू द्यावेत. श्रद्धेची एकादशी ज्याने त्याने आपल्या ताकदीप्रमाणे करावी. तिला उपचार म्हणू नका.

लिंबूपाण्याने रक्त ‘अल्कधर्मी’ होतं या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. तो लिंबाने हलला असता तर लोणचं खाणंसुद्धा जिवावर बेतलं असतं.

लक्ष्मणफळाचं मात्र सांगायला हवं, कारण त्याची रोपं आता आपल्याकडे नर्सरीत कॅन्सरच्या नावाने विकली जातात. ‘केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी’ हे वाक्य काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरच्या प्रयोगातून आलं. माणसांवर तसं काही दिसलेलं नाही. उलट कॅरिबियन बेटांपैकी ग्वाडेलूपमध्ये हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारख्या विकाराचं प्रमाण जास्त आढळल्याचं १९९९मध्ये प्रसिद्ध झालं. कधीतरी आवडीने खाल्लेल्या फळाने काही होत नाही. रोज सकाळी पानांचा काढा ही वेगळी गोष्ट आहे.

आणि सदाफुली. आपल्या अंगणात, तुळशीवृंदावनाशेजारी, ओट्याच्या फटीतसुद्धा उगवणारी. एका वक्त्यांनी सांगितलं की सदाफुलीत कॅन्सरचं औषध आहे आणि कंपन्या ते दडवतात. पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. १९५०च्या दशकात मधुमेहावर उपयोग होतो का हे पाहण्यासाठी कॅनडात सदाफुलीचा अर्क उंदरांना दिला गेला. रक्तातली साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. संशोधकांच्या लक्षात आलं की हे रक्ताच्या कॅन्सरमध्ये कामाला येईल. त्यातून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधं आली. आज धुळ्या-जळगावचं एखादं पोर रक्ताच्या कॅन्सरमधून उठून शाळेत जातं, त्याच्या उपचारांत बहुधा व्हिन्क्रिस्टिन असतं. मग दडवलं काय? ज्या केमोला वक्ते विष म्हणतात, त्या केमोतच ही सदाफुली आहे. फरक इतकाच की शेकडो किलो वाळलेल्या पानांतून हाती येणारं कणभर द्रव्य शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून दिलं जातं. चार पानं चावून ती मात्रा पोटात जात नाही, आणि काढा करून पिणाऱ्याला आपण किती घेतलं हे कळायला मार्ग नसतो.

म्हणून ‘वनस्पती विरुद्ध रसायन’ हे भांडणच मला खोटं वाटतं. हळदीचंही तेच. भाजीत, दुधात चिमूटभर हळद पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, चालू राहू दे. तिच्यातलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडं उतरतं, म्हणून ते मिरीच्या अर्काबरोबर गोळीत ठासून विकतात. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमो चालू असताना यकृताला आधीच पुष्कळ काम असतं. खाण्यातलं चांगलं द्रव्य वेगळं काढून जास्त दिलं की जास्त फायदा होईल, ही समजूत फिनलंडमध्ये पणाला लागली होती. २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तो प्रयोग झाला. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त निघाला. १९९४ची ही गोष्ट. अपेक्षा उलटी होती, तरी निकाल छापला गेला.

‘तुमच्या विज्ञानाने आहारावर कधी प्रयोगच केले नाहीत’ असा टोमणाही ऐकू येतो. केले आहेत, आणि बरेच. कॉफीचा एनिमा आणि दिवसभर रसांचे पेले ही मॅक्स गर्सन या डॉक्टरांची पद्धत आज नव्या नावांनी आपल्याकडे येते. १९४७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने त्यांच्या दहा रुग्णांची माहिती तपासली, फायदा दिसला नाही. जर्दाळूच्या बियांतल्या तथाकथित ‘बी-१७’ जीवनसत्त्वावर १९८२मध्ये १७८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. कुणी बरं झालं नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीकडे गेलं. २००७मध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या ३,०८८ बायकांचा अभ्यास आला. निम्म्याजणींना भरपूर भाज्या, फळं, तंतू आणि कमी चरबीचा आहार नेटाने दिला होता. सात वर्षांनी आजार उलटण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. माझ्या व्यवसायाला हा निकाल गैरसोयीचा आहे. तरी तो मी रुग्णांना सांगते, कारण त्यामुळे ‘मी भाजी कमी खाल्ली म्हणून आजार उलटला’ ही टोचणी तरी जाते.

मग जीवनशैलीने काहीच होत नाही का? होतं, आणि ते सांगायला मला आनंद वाटतो. २०२५मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण झाल्यावर अर्ध्या लोकांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मदतीने नियमित व्यायाम करायला लावला, बाकीच्यांना माहितीची पुस्तिका दिली. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले ९०.३ टक्के हयात होते, पुस्तिकेच्या गटातले ८३.२ टक्के. कित्येक महागड्या औषधांना एवढा फरक पाडता येत नाही. व्यायामाला कुणाचं पेटंट नाही, तरी हा निकाल जगातल्या आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. व्यायामाचा फायदा झाला तो उपचार पूर्ण केलेल्यांना, हे मात्र वक्त्यांनी हा दाखला उचलण्याआधी लक्षात घ्यावं.

‘स्वस्त उपाय डॉक्टर दडपतात’ याचं आणखी एक उत्तर मुंबईतच आहे. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० बायकांवर चाचणी झाली. स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात ती भूल, टोचायची. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. खर्च शंभर रुपयांच्या आत. २०२३मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दडपायचंच असतं तर हे आधी दडपलं असतं.

आता उलट बाजूचे आकडे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये अशा २८१ रुग्णांचा अभ्यास केला, ज्यांचा कॅन्सर पसरलेला नव्हता आणि ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी मार्ग धरला. तशाच स्थितीतल्या उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये चार पटींहून जास्त. त्याच वर्षी त्यांनी दोन्ही घेणाऱ्यांचाही अभ्यास केला. त्यांचाही धोका दुप्पट होता. पण कारण काढा नव्हता. पर्यायी उपायांकडे वळलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी उपचारांतला काहीतरी भाग, कुणी शस्त्रक्रिया, कुणी रेडिएशन, कुणी पुढच्या हार्मोनच्या गोळ्या, नाकारलेला होता. हळदीचं दूध पिऊन कुणी मरत नाही. हळदीचं दूध पितोय म्हणून रेडिएशन अर्ध्यावर सोडणारा मरतो.

नोव्हेंबर २०२४मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर आहाराने हरवल्याचं पत्रकार परिषदेत सांगितलं, तेव्हा आपल्याकडे ती चित्रफीत घराघरांत पोचली. टाटाच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांनी सही करून निवेदन काढलं की अशा न सिद्ध झालेल्या उपायांवर विसंबून उपचार लांबवू नका. सिद्धूंच्या पत्नीवर शस्त्रक्रिया झाली होती, केमोही झाला होता. पुढे सिद्धूंनीही खुलासा केला की आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता. तो खुलासा मात्र किती जणांनी पुढे धाडला? भरिताचं वांगं भाजून निघतं ते काड्यांच्या जाळावर, आणि वाहवा मिळते वर भुरभुरलेल्या कोथिंबिरीला. मंचावर उभे केले जाणारे ‘बरे झालेले’ बहुतेक असेच असतात. त्यांची फाइल कुणी बघत नाही.

आता थोडं माझ्या बाजूच्या लोकांना. लोक या व्याख्यानांना का जातात? वक्ते दीड तास देतात. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, आणि त्यात ‘काय खाऊ?’ विचारलं तर ‘सगळं खा’ असं उत्तर येतं. धडगावच्या डोंगरातला माणूस नाशिक-मुंबई गाठतो तेव्हा मजुरी बुडालेली असते, सोबतच्याची राहायची सोय नसते, आणि आजाराचं नावसुद्धा त्याला त्याच्या बोलीत कुणी सांगितलेलं नसतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण कागद कुठे द्यायचे हे समजावायला माणूस मिळत नाही. ही पोकळी आम्ही ठेवली, त्यात वक्ते उभे राहिले. आणि हेही लिहायला हवं : छातीतली गाठ हाताला लागताच चूर्ण न देता थेट सर्जनकडे चिठ्ठी देणारे वैद्य मला धुळ्यातही माहीत आहेत आणि अमळनेरमध्येही. माझं भांडण आयुर्वेदाशी नाही.

तुमच्याकडे मात्र थेट मागणं आहे. पुढच्या हंगामात अशा वक्त्यांना बोलवायचंच असेल तर तारीख देण्याआधी त्यांच्याकडे एक फाइल मागा. फक्त आहाराने बऱ्या झालेल्या एका रुग्णाची, नाव झाकून : बायोप्सीचा अहवाल, आधी-नंतरचे स्कॅन, कोणते उपचार कधी झाले त्याच्या तारखा. ती तालुक्याच्या कुठल्याही सर्जनला दाखवा. भाषणानंतर अर्धा तास प्रश्नोत्तरं ठेवा, आणि ती चिठ्ठ्यांवर नकोत, माइकवर. चिठ्ठ्या कोण निवडतं हे आपल्या सर्वांना माहीत आहे.

आणि सभागृहाच्या दाराशी चूर्ण, रस, अर्क यांचं टेबल लावू देऊ नका. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४चा आहे. ज्या आजारांवर ‘बरा करतो’ अशी औषधाची जाहिरात करायला मनाई आहे त्यांच्या यादीत कॅन्सर आहे. जाहिरात म्हणजे नुसतं छापील पत्रक नव्हे, तोंडी घोषणाही आली, म्हणजे रिक्षावरचा भोंगाही आला. अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणाराही त्यात अडकतो, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. नुसत्या आहारसल्ल्याला हा कायदा लागतो का, यावर वकील वाद घालतील. पण ‘कॅन्सरवर रामबाण’ म्हणून बाटली विकली गेली आणि फ्लेक्सवर मंडळाचं नाव असलं, तर वक्ते दुसऱ्या दिवशी गाडीत बसून निघून जातील आणि पोलिसांच्या समोर बसायला तुमचे अध्यक्ष राहतील.

जीवनशैली आणि कॅन्सर हा विषय ठेवायचाच तर खान्देशात बोलण्यासारखं इतकं आहे की एक हंगाम पुरायचा नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ची, आणि पुड्या आजही टपरीटपरीवर. देशातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने कधीच जाहीर केलं आहे, आणि आपल्याकडे ती पाहुण्यांपुढे तबकात ठेवतात. सकाळी मिश्री लावणाऱ्या आपल्या आया-काकवा स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कॅन्सरचं सिद्ध कारण आहे. शेंगदाण्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्या खान्देशात दाणे नीट वाळवायचे कसे, काळवंडलेले, कडवट दाणे निवडून का टाकायचे, यावर एकाही ‘कॅन्सरमुक्ती’वाल्याने कधी अवाक्षर काढलेलं मी ऐकलं नाही. हे सगळं आहाराचंच आहे.

आणि तपासणी. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने, १,३१,७४६ खेड्यातल्या बायकांवर झालेला अभ्यास २००९मध्ये जगभर गाजला. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या बायका तुमच्या-आमच्यासारख्याच, ज्वारी-बाजरीच्या गावच्या. तीस वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत आहे. व्याख्यानाच्या दिवशी सकाळी त्याच सभागृहात पडदे लावून ती करता येईल. गर्दी जमवणं तुमच्या हातात आहे. ते कौशल्य आमच्याकडे नाही.

शेवटचं. मी या विषयावर कुठल्याही वक्त्यांबरोबर एकाच मंचावर बसायला तयार आहे, जळगावात, शिरपुरात, तळोद्यात, कुठेही. मानधन नको. सोबत एक कॅन्सर सर्जन आणि एक वैद्य आणण्याची जबाबदारी माझी. वक्त्यांनी आधी बोलावं, हवा तेवढा वेळ घ्यावा. माझी अट एकच : माइक बायकांच्या बाजूलाही फिरला पाहिजे, आणि ज्यांना उभं राहून विचारायला संकोच वाटतो त्यांना भेटायला कार्यक्रमानंतर तासभर शेजारची खोली मोकळी ठेवा. कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी तारीख कळवा.

आपली,
जळगावातील एक आहारतज्ज्ञ